कळकला गंधार

ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं. हिरवट होतं, जिभेला चरचरतं आणि मुकाट्यानं मोरीत ओतावं लागतं. कुठल्याही मुलीला हे स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या कळतं. मला मात्र हा शब्द फिडलवर कळला. आमच्या घरात एक सूर कळकलेला होता आणि तो ओतून द्यायचा नव्हता. उलट त्याच्यासाठी मी लहानपणी हातावर छड्या खाल्ल्या आहेत.

त्याची गोष्ट अशी. माझे आजोबा छिंदवाड्याकडच्या रामाकोन्याचे. कामठीच्या छावणीतला कोणी गोरा शिपाई मायदेशी परतताना आपलं फिडल विकून गेला आणि ते फिरत फिरत आजोबांच्या हाती आलं. आता हे वाद्य वाजवायचं कसं, ते सांगायला रामाकोन्यात कोण बसलं होतं? आजोबांनी ते मांडीवर आडवं घेऊन पाहिलं, उभं धरून पाहिलं. शेवटी खाली बसून त्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि देवळातल्या भजनाच्या पेटीला गुरू केलं. पेटीतून जो सूर निघेल तो तारेवर हुडकायचा, सापडला की बोटात बसवायचा. असे ते वर्षानुवर्षं हुडकत राहिले.

पेटी समईशेजारी पडलेली असे. पावसाळ्याची ओल, तेलाचा धूर. आतल्या पितळी पट्ट्यांवर कळंक चढला आणि त्यातला गंधार खाली उतरला. पुरता कोमल झाला नाही आणि शुद्ध तर उरलाच नाही. दोघांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसला. आजोबांना काय ठाऊक? त्यांनी तोच खरा मानला आणि मधल्या बोटात पक्का केला. पुढे भजनी मंडळानं पेटी नागपूरला नेऊन दुरुस्त करून आणली. गंधार सरळ झाला. आजोबांनी तो ऐकला आणि चारचौघांत सांगून टाकलं, "चांगली पेटी बिघडवून आनली लेकहो तुम्ही!"

हे सांगताना बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पण फिडल हाती घेतलं की तोच गंधार लावायचे. सरळ गंधाराला ते 'साहेबाचा' म्हणायचे, पेटी मुळात गोऱ्या साहेबाचीच म्हणून. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, चूक हाय हे माहीत हाय तं सुधरवत काऊन नाही?"

बाबा म्हणाले, "माह्या बापाले चुकून सापडलं. पण सापडलं ना? कळकलं ताक टाकतेत, बाई. सूर नाही टाकत."

आमच्या वाजवण्याला घराणं म्हणण्याची हिंमत आमचीच नव्हती, मग लोक कशाला म्हणतील? भजनाला साथ करायची, एवढंच. पण भजन संपल्यावर आरतीचं तबक तयार होईस्तोवर जो वेळ जाई, त्यात आजोबा एकटेच वाजवत. शब्द नाहीत, मृदंग नाही, कोणाची साथ नाही. त्याला आमच्याकडे मोकळी म्हणायचे. मोकळ्या पुष्कळ होत्या. सगळ्यांत लाडकी पोळ्याची. बैल तोरणाखाली उभे आहेत, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या आहेत, तोरण तुटायला अजून जरा अवकाश आहे, त्या मधल्या वेळातली ती मोकळी. बैलांच्या चालीनं निघते आणि गंधारावर येऊन उभी राहते. गंधार सरळ लावला तर ती उभीच राहत नाही, पुढे निघून जाते. हे मला लिहून सांगता येत नाही. समोर असता तर वाजवून दाखवलं असतं.

बाबा सौंसरला मराठी शाळेत मास्तर होते. मुलगा नाही म्हणून मास्तरांनी पोरीला फिडल शिकवलं, असं गाव म्हणे. गावाला काय, बोलायला पैसे थोडेच पडतात. खरं म्हणजे बाबांनी दोनदा बंद करून पाहिलं होतं, मीच सोडलं नाही. मग माझं लग्न पांढुर्ण्याला झालं. मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरचं नाव त्या तांदळाबरोबरच कुठेतरी शिजून गेलं. बाबांनी ते नवं नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्यांच्या लेखी मी 'बाई'च होते. पुढे हेच नडलं.

सासर संत्र्याच्या व्यापारातलं. माझे यजमान बोलायला कमी आणि ऐकायला पक्के. पांढुर्ण्याचे लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर दगड मारतात आणि उरलेलं वर्षभर त्यांच्याशीच सोयरिकी करतात. अशा गावात सुनेनं फिडल वाजवलं तर कोणाला विशेष काय वाटणार होतं? सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाजव बाई, पण कुकर्माले लागल्यासारखं दार लावून नोको वाजवू." दार उघडं ठेवून मी वाजवत राहिले.

मग बाबांना लकवा झाला. पाय सावरला, डावा हात मात्र गेला. फिडलवर सगळी बोटं डाव्या हाताची. उजव्या हातात नुसता गज. बाबा खाटेवर पडून उजव्या हातानं हवेत गज ओढायचे आणि डाव्या हाताकडे असे पाहायचे, की तो हात दुसऱ्या कोणाचा आहे आणि मुद्दाम ऐकत नाही. मला ते पाहवत नसे. मी चहाच्या निमित्तानं उठून जायची.

तेव्हा त्यांनी फिडल माझ्या हवाली केलं. "माह्या हातानं आता होत नाही," ते म्हणाले. "मी गेलो का हे सगळं जाते. तू वाजव आन् कुठीसा ठेवून दे. पण जसं हाय तसं वाजव. मधात आपली अक्कल नोको लावू."

हा 'कुठेतरी ठेवून देण्याचा' योग यजमानांमुळे आला. नागपूरच्या संत्रा बाजारातल्या त्यांच्या आडत्याचा कोणी नातलग एका रेकॉर्ड कंपनीत होता. कंपनीचे लोक यंत्र घेऊन नागपुरात काही दिवस मुक्काम करणार होते आणि बाई फिडल वाजवते याचं त्यांना अप्रूप वाटलं. एका तबकडीची एक बाजू मला मिळणार होती. एका बाजूवर एकच मोकळी मावेल. कोणती, हे विचारायचंही काम नव्हतं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. त्या वर्षी जिथे जावं तिथे एकच चर्चा, कोण कोणाला लागणार. तोवर आम्ही सगळे एकाच मध्यप्रदेशात आणि नागपूर आमची राजधानी. कोर्टकचेरी नागपूर, दवाखाना नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर. आता भाषेप्रमाणे प्रांत होणार, नागपूर मुंबईला लागणार आणि आमचा छिंदवाडा जिल्हा भोपाळला लागणार, असं बोलत होते. शेजारी म्हणायचे, "हे असं कसं, बोली एक आन् घरं दोन?" बाबा ऐकून घ्यायचे. त्यांना चिंता वेगळीच होती. मी निघायच्या आधी त्यांनी मला समोर बसवून पोळ्याची मोकळी ऐकली, गंधारावर मान हलवली आणि म्हणाले, "जा."

कंपनीनं नागपुरात एक खोली घेतली होती. खिडक्यांना रजया टांगलेल्या. आत इतकं उकडत होतं की माझ्या बोटांचा घाम तारेवर उतरायचा. मुंबईहून आलेले एक साहेब सगळं पाहत होते. मराठीच होते, गाण्यातले जाणकार, बोलणं मऊ. यजमानांनी त्यांच्यासाठी आंबिया बहाराच्या संत्र्यांची करंडी नेली होती. संत्री अजून हिरवट होती तरी साहेबांनी कौतुकानं खाल्ली. मी मनात म्हटलं, हिरवट चालतंय, म्हणजे माणूस आपला आहे.

मी वाजवलं. यंत्रावरचा लाल दिवा विझला तसे साहेब आत आले. "बाई, हात फार गोड आहे तुमचा," ते म्हणाले. "पण गंधार उतरतोय."

"उतरत नाही. तो तिथंच असतो."

"तिथं म्हणजे कुठं? कोमल आहे की शुद्ध?"

"कळकला आहे," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "कळकलेलं टाकून द्यायचं असतं ना, बाई?"

माझं डोकं सणकलं. मी त्यांना आजोबा सांगितले, पेटी सांगितली, कळंक सांगितला. आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की मी माझ्याच हातानं माझी बाजू पाडते आहे. पेटी बिघडली म्हणून सूर बिघडला, हे मीच कबूल करत होते. याच्यापुढे कोणता वकील उभा राहणार? साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तबकडी ऐकणाऱ्याला कोण सांगणार ही पेटीची गोष्ट? तो म्हणेल, बाईला सुराचं ज्ञान नाही. नाव तुमचं जाईल, माझं काय जाणार आहे?"

मी गज खाली ठेवला. ते म्हणाले, "असं करू. एकदा सरळ गंधार लावून वाजवा. दोन्ही मुंबईला नेतो. तिथं वरिष्ठ ऐकतील आणि ठरवतील."

मी यजमानांकडे पाहिलं. ते करंडीची दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "तुझं वाजवणं, तूच ठरव." अशा वेळी नवरा नेमका मोठ्या मनाचा होतो.

मी दुसऱ्यांदा वाजवलं, सरळ गंधार लावून. आणि खरी पंचाईत अशी, की ते जास्त चांगलं झालं. पहिल्या खेपेला बाबा माझ्या मानगुटीवर होते, त्या एका सुराच्या धाकानं गज थरथरत होता. दुसऱ्या खेपेला काही धाकच नव्हता. कोणाचं तरी परकं मूल कडेवर घ्यावं तसं मी ते घेतलं, आणि ते मूल रडलं नाही. साहेब दाराशी डोळे मिटून उभे होते. संपल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मला रडू यायला लागलं, ते मी घामाच्या नावावर पुसून टाकलं.

नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून छोट्या रुळांच्या गाडीनं सौंसरला आलो. बाबा खाटेवर उठून बसले. "गंधार?" त्यांनी एवढंच विचारलं.

"लावला," मी म्हणाले. "जसा हाय तसा." ते खरंच होतं. त्याच्यापुढचं मी बोलले नाही, कारण मुंबईचे वरिष्ठ शहाणे असतील असं मला वाटत होतं. मुंबईबद्दल तेव्हा सगळ्यांनाच काय काय वाटत होतं.

दिवाळीच्या सुमारास प्रांत फुटले. नागपूर मुंबईला लागलं, आम्ही भोपाळला लागलो. सौंसर जागचं हललं नाही, पांढुर्ण्याची मोटार वेळेवर येत राहिली, पण जिकडे तोंड करून बसायची सवय होती तिकडे आता पाठ करायची होती. बाबांच्या शाळेत हिंदीचे नवे मास्तर आले. बाबा म्हणाले, "चांगला मानूस हाय. मले दादा म्हनते."

संक्रांतीनंतर कंपनीकडून आडत्यामार्फत निरोप आला, की तबकडी निघाली आहे आणि अमक्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर लागेल. आम्ही नागपूर केंद्र धरून चाललो होतो. पण मी आता मध्यप्रदेशची कलावंत, म्हणून ती लागणार होती भोपाळकडून. दोन्ही तुकडे वाजवले होते हे यजमानांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यातला कोणता निघाला, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी त्याच दिवशी मोटारीनं सौंसर गाठलं. फिडल बरोबर होतंच. माहेरी येताना ते आणायचं, हा बाबांचा हुकूम.

रेडिओ बाजारातल्या कापडवाल्या शेठजींकडे होता, बॅटरीवर चालणारा. बाबांनी सकाळपासून गावभर सांगून ठेवलं होतं, "आज माह्या पोरीचं लागते." काळा कोट, पांढरी टोपी. कोटाची डावी बाही मीच त्यांच्या हातावर चढवली. दुकानाच्या ओट्यावर त्यांना मधोमध बसवलं, भोवती पंधरावीस माणसं. मला शेठाणींनी आतल्या दाराशी पाटावर बसवलं. तिथून मला बाबांचा चेहरा दिसत होता.

भोपाळ लांब. रेडिओत पापड तळल्यासारखी खरखर. निवेदक हिंदीत काहीतरी बोलला. माझं नाव त्यानं घेतलं, सासरचं, आडनावासकट, आणि ते त्या खरखरीत अर्धं बुडालं. बुडालं नसतं तरी बाबांनी ते ओळखलं असतं की नाही, देव जाणे. स्पष्ट ऐकू आला तो एकच शब्द. बेला. फिडलला हिंदीत, निदान रेडिओच्या हिंदीत, बेला म्हणतात, हे आमच्या बाजारात कोणाच्या बापाला माहीत नव्हतं. मलाही ते शेठाणींच्या शाळेत जाणाऱ्या लेकीनं मागाहून सांगितलं.

मोकळी सुरू झाली. बाबांचा चेहरा उमलला. मांडीवर उजव्या हाताची बोटं हलायला लागली, डाव्या हाताचं काम उजव्यानं करत. बैल निघाले, तोरणापाशी आले, आणि गंधार लागला. सरळ. लखलखीत. बाबांचं बोट मांडीवरच थांबलं.

मला तोवर कळून चुकलं होतं. बसल्या जागी अंगाखालचा पाट कोणी ओढून घेतल्यासारखं झालं. मोकळी पुढे निघून गेली, कुठेही उभी न राहता, आणि संपली.

"कोन हाय हे बेला?" बाबांनी विचारलं.

शेठजी म्हणाले, "कोन जाने मास्तर. असन कोनी बाई."

"हात चांगला हाय तिचा," बाबा म्हणाले. "गंधार तेवढा साहेबाचा हाय." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "चाल आपली हाय हे! पोळ्याची मोकळी हाय माह्या बापाची. चोरली हिनं. चोरली आन् राखेनं घासून लख्ख केली!"

लोक चुकचुकले. कोणी म्हणालं, जमानाच वाईट. बाबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. "थांबा. आता माह्या पोरीचं लागंल. तवा समजन खरं कसं असते."

त्यानंतर कापसाचे भाव लागले. लोक एकेक करून उठले. शेठजींनी बॅटरीच्या काळजीनं दोनदा बाबांकडे पाहिलं. बाबा टोपी सारखी करून बसून राहिले. मी आतून बाहेर आले, त्यांच्या काखेत हात घातला, तर म्हणाले, "आज नाही लागलं वाटते तुहं. राहिलं असंल. जसं हाय तसंच वाजवलं होतं ना तूनं?"

"हो बाबा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला पळून आले. पळूनच. यजमान म्हणाले, "सांगून टाक." मी त्यांच्यावरच उखडले, की तुम्ही करंडीची दोरी गुंडाळत होतात, तेव्हा का नाही तोंड उघडलं? वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी जुनी सवय. सौंसरहून येणारा-जाणारा सांगे, मास्तर बाजारात बेलाच्या नावानं शंख करून राहिले. मला अन्न गोड लागेना.

शेवटी एका सकाळी मी मोटारीत बसले. घरी पोचले तर खाट रिकामी. शेजारीण म्हणाली, "मास्तर टेसनावर गेले. नागपूरले जातो म्हने. कंपनीतून बेलाचा पत्ता आनतो म्हने."

मी फिडलची पेटी हातात घेऊन तशीच स्टेशनाकडे निघाले, जवळजवळ धावतच. बाबा बाकावर बसले होते, कोट उलटसुलट बटणं लावून. एका हातानं त्यांनी तो स्वतःच घातला होता.

"बाबा, घरी चला."

"मले त्या बाईले भेटू दे. भांडत नाही मी. तिले नीट गंधार सांगून येतो. हात चांगला हाय, शिकन."

"बाबा, बेला कोनी बाई नाही." मी बाकावर बसले. "बेला म्हनजे फिडल. रेडिओत फिडलले बेला म्हनतेत."

बाबा मास्तर होते. नवा शब्द कळला की तो एकदा स्वतःशी म्हणून पाहायचा, ही त्यांची सवय. "बेला," ते हळूच म्हणाले. "असं का? मंग वाजवनारी कोन?"

मी फिडलची पेटी मांडीवर घेतली. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग पेटीकडे, मग रुळांकडे.

"दोन्ही वाजवले होते," मी म्हणाले. "तुमचाही वाजवला. त्यायनं हा घेतला."

"तूनं वाजवला म्हून त्यायले घेता आला."

मग माझाही तोल गेला. लेक असले तरी माणूसच ना. "नसता वाजवला तं तबकडीच निघाली नसती! तुमची मोकळी कुठीच राहिली नसती!"

"आता कुठी राहिली?" बाबा म्हणाले.

छोटी गाडी आली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या. गाडी गेली. आम्ही दोघं बाकावर तसेच. तो प्रश्न मी अजून बरोबर घेऊन फिरते. बदललेली का होईना, चाल जगात राहिली हे बरं, की न बदलता बाबांबरोबर गेली असती तर बरं? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं आहे. दोन्ही बाजूंनी हरते.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढू दिला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काढ."

मी फिडल काढलं. पाय पसरून घोट्यावर त्याचं डोकं टेकवलं आणि पोळ्याची मोकळी सुरू केली. गंधारावर आले. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "खाली." मी बोट सरकवलं. "आनखी थोडा." इतके दिवस मी सरळ गंधाराचा विचार करत होते, बोट तिकडेच ओढ खात होतं. मी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. पुन्हा "खाली." किती वेळ चाललं कोण जाणे. मग एकदा ते काही बोलले नाहीत. मी वाजवत पुढे गेले नाही, तिथेच थांबले, तोरणाखाली.

"लागला," बाबा म्हणाले.

जरा वेळानं त्यांनी उजव्या हातानं माझा डावा हात धरला, मधलं बोट चाचपलं. "मांडवात तांदळावर तुहं नाव बदलवलं, मी पाहत उभा होतो," ते म्हणाले. "मी म्हटलं, बदलवू द्या, नाव हाय. हे नव्हतं दिलं मी बदलवाले."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी समजूत घातली नाही आणि हात काढूनही घेतला नाही.

पुढल्या पोळ्याला बाबा नव्हते. मधल्या काळात रेडिओवर ती तबकडी पुन्हा लागली, तेव्हा शेठजींनी मुद्दाम निरोप पाठवला म्हणे. बाबा दुकानात गेले, ऐकून आले, कोणी विचारलं तर म्हणाले, "बेलाचं लागलं होतं." बाजारात त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही की बेला कोण. मला वाचवत होते की स्वतःला, ते मला कळलं नाही.

मी पुढे कंपनीला विचारून पाहिलं, यजमानांनी आडत्यामार्फत विचारून पाहिलं. पहिल्या खेपेचं वाजवणं कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. ज्याची तबकडी निघत नाही ते ठेवत नाहीत, असं कळलं. म्हणजे आता तो गंधार माझ्या मधल्या बोटात आहे, आणि बोट थंडीत आखडतं. गल्लीतल्या मुलांना शिकवून पाहिलं. त्यांचे कान पेटीवर तयार झालेले, नीट दुरुस्त केलेल्या पेटीवर. त्यांना तो लागत नाही. मी चिडते, ती पळतात.

परवा सकाळी मी ताटात तांदूळ निवडत बसले होते. रेडिओवर जुन्या तबकड्या लावत होते. सून आतून आली आणि कान देऊन उभी राहिली. तिला घरातल्या ह्या भानगडी ठाऊक नाहीत. ती नागपूरची, लग्न होऊन नुकतीच आलेली.

"आई, किती छान वाजवून राहिले!" ती म्हणाली. "कोण हाय हे?"

मी खडा बाजूला काढला.

"हाय एक बेला," मी म्हणाले. "हात चांगला हाय तिचा. गंधार तेवढा साहेबाचा हाय."